विचारल्याशिवाय कळेल असं नाव

आमच्या ऑफिसात रोज अकरा वाजता दरबार भरायचा. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. पाच टेबलं, एक खिडकी आणि खिडकीपाशी काकांची खुर्ची. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटची नोंद, रक्ताच्या नळीवर चिकटवायचं लेबल, तपासणीचा रिपोर्ट, सगळं त्यातून निघतं. ते सॉफ्टवेअर वीसेक वर्षांपूर्वी काकांनी एकट्याने लिहिलं. काका आमच्यापैकी कुणाचेच काका नव्हते, पण मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. चहा आला की आम्ही चौघं आपापल्या खुर्च्या ओढत त्यांच्याकडे जायचो आणि विचारायचो.

विचारायचं काय, तर नावांचे अर्थ. प्रोग्रॅमचे लहान लहान तुकडे असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. प्रत्येकाला एक नाव असतं आणि त्या नावाने हाक मारली की तो तुकडा आपलं ठरलेलं काम करतो. नाव बघून काम कळावं एवढीच अपेक्षा. काकांनी दोनशेच्या वर फंक्शनं लिहिली होती आणि जवळजवळ प्रत्येकाला एकेक इंग्रजी नाम चिकटवलं होतं. 'पेशंट'. 'सॅम्पल'. 'लेबल'. 'रिपोर्ट'. 'मेसेज'. पुढचं क्रियापद आपण मनातल्या मनात लावायचं. पेशंट करा, सॅम्पल करा, लेबल करा.

ही सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. कुठलंही नाम उचलायचं, त्याला 'करणे' जोडायचं, काम भागलं. बोलताना ते चालतं, कारण समोरचा माणूस विचारू शकतो. माझ्या सासूबाई "जेवण कर" म्हणायच्या तेव्हा मी विचारायचे, "स्वयंपाक करू की जेवून घेऊ?" त्यांना राग यायचा, पण उत्तर मिळायचं. कॉम्प्युटर विचारत नाही. तो नाव ऐकतो आणि त्या नावाच्या पोटात जे जे असेल ते सगळं करून मोकळा होतो.

काकांच्या फंक्शनांच्या पोटात बरंच काही असायचं. "'पेशंट' नवा पेशंट घालतं," काका चहा फुंकत सांगायचे, स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता. "पण फोन नंबर आधीचा असला तर नवा नाही घालत, जुन्यालाच जोडतं. और हाँ, वय बाराच्या खाली असलं तर बापाचं नाव मागतं." आम्ही वहीत लिहून घ्यायचो. कोड वाचून कळलं नसतं असं नाही, पण एकेक फंक्शन चारचारशे ओळींचं. सकाळी वाचायला बसलं की पोह्यांची वेळ टळून जेवणाची व्हायची. त्यापेक्षा काकांना विचारणं सोपं. ऑफिसचा नियमच होता: विचारून चालवायचं.

मला या ऑफिसात काकांनीच आणलं. वडील रेल्वेत, बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मी इथेच शिकले, दोन वर्षं नोकरी केली, मग मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यात नऊ वर्षं घरी बसले. परत नोकरी शोधायला निघाले तेव्हा लोक माझा कागद बघायचे आणि त्या नऊ वर्षांवर बोट ठेवायचे. काकांनी बोट ठेवलं नाही. म्हणाले, "कॉम्प्युटर बदलतो गं, डोकं नाही बदलत. सोमवारपासून ये." हे मी विसरलेले नाही. पुढे जे झालं ते सांगताना हे आधी सांगणं भाग आहे.

मालक माझ्यापेक्षा वयाने लहान, इथलाच मालवी माणूस, वडिलांकडून धंदा त्याच्याकडे आलेला. काकांचं आणि त्याचं जमत नसे. तो काही नवीन म्हणाला की काका 'नाही' म्हणायचे आणि त्याला गप्प बसावं लागायचं, कारण सॉफ्टवेअर काकांच्या डोक्यात. तो हे हसत हसत सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा. "काका हैं तो सॉफ्टवेयर है. जिस दिन कोई दूसरा पढ़ लेगा, उस दिन काका को आराम." काकाही हसायचे. पण काकांना आराम नको होता. माधव नगरला त्यांचं घर, काकू जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. रविवारी काही कारण नसताना ते मला फोन करायचे आणि विचारायचे, "ते सोमवारचं काम लक्षात आहे ना?" रविवार त्यांना जायचा नाही, हे मला कळत होतं. अकराचा दरबार हाच त्यांचा दिवस होता.

एका वर्षी काका भाचीच्या लग्नाला आठवडाभर इंदूरला गेले. नेमका त्याच वेळी माधव नगरच्या एका लॅबमधून फोन आला. त्यांच्या फ्रिजमध्ये पाणी ठिबकून नळ्यांवरची लेबलं भिजली होती, अक्षरं पसरली होती. जुन्या नळ्यांची लेबलं परत छापता येतील असं एक बटण हवं होतं, आणि आजच हवं होतं. मी कोड उघडला. 'लेबल' नावाचं फंक्शन समोर होतं. मी ते बटणाला जोडलं. लेबलं सुरेख छापून आली, लॅबवाले खूश, मीही खूश. विचारायला काका नव्हते आणि लेबलात विचारण्यासारखं काय असणार असं मला वाटलं.

पाच दिवसांनी लॅबचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. पेशंटचा रिपोर्ट अजून का आला नाही म्हणून एका डॉक्टरांनी त्यांना झापलं होतं. कधीकधी रक्त नळीत गोठतं किंवा कमी पडतं, तपासता येत नाही, मग त्या पेशंटला परत बोलवायचं असतं. अशा लोकांची एक यादी सॉफ्टवेअर ठेवतं आणि रिसेप्शनवरची मुलगी रोज त्या यादीतल्यांना फोन करते. तिची यादी पाच दिवस रिकामी होती. तिला वाटलं, या आठवड्यात नशीब चांगलं आहे.

'लेबल' लेबल छापत होतंच. शिवाय, नवीन नमुना आला अशी नोंद करत होतं, आणि नमुना आलाच आहे म्हणून त्या माणसाचं नाव 'परत बोलवा' यादीतून काढून टाकत होतं. अशा वाया गेलेल्या नळ्याही त्याच फ्रिजमध्ये होत्या, त्यांचीही लेबलं मी हौसेने छापली होती. नऊ माणसं यादीतून गेली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं ऐकलं होतं. इथे नाव साधं आणि हातात भलतंच.

मी रिक्षा करून लॅबमध्ये गेले आणि रिसेप्शनवरच्या मुलीशेजारी बसून स्वतः फोन केले. आठ जण चिडले, बोलले, आले. नववी एक बाई होती, देवास गेटच्या मागे राहणारी, सहावा महिना चालू. थायरॉइडची तपासणी होती. मी तिला सांगितलं की रक्त परत द्यावं लागेल, आमची चूक झाली. ती शांतपणे म्हणाली, "अच्छा? दीदी, फोन नहीं आया तो हम समझे सब ठीक है."

ती त्याच दुपारी आली, परत रक्त दिलं, डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. पुढे सगळं नीट झालं, मुलगी झाली, मी मुद्दाम चौकशी केली होती. पण ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं ते बसलंच. पाच दिवस ती बाई निश्चिंत होती, आणि ती निश्चिंती मी तिला दिली होती.

काका परत आले. अकरा वाजता सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तू विचारलं का नाही?"

"तुम्ही नव्हता, काका."

"मतलब? फोन नव्हता का माझ्याजवळ? मग थांबायचं होतं."

"लेबल छापायला थांबायचं?"

"'लेबल' म्हणजे नुसतं छापणं नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे."

"मला नव्हतं माहीत. नावात नव्हतं ते."

मालक दारात उभा होता. त्याने निकाल देऊन टाकला. "मैडम, आगे से काका से पूछे बिना कुछ मत छूना." चूक माझीच ठरली. नाव वाचून त्यावर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा. माझं डोकं तापलं. मी स्वभावाने काही फार गरीब नाही, आणि त्या क्षणी तर मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय होणार होतं? आणखी कुणीतरी नवीन येणार, आणखी एक नाव वाचून फसणार, आणखी कुणाला फोन जाणार नाही. मी जागेवर बसले आणि ठरवलं की ही सगळी नावं बदलायची. दोनशेच्या दोनशे.

ठरवलं आणि लगेच कळलं की यात काकांचं काय होणार. मालक जे हसत बोलायचा ते खरं होतं. काकांना विचारल्याशिवाय कोड कळत नव्हता, म्हणून काकांची खुर्ची खिडकीशी होती. नावं बोलू लागली की ती खुर्ची जाणार. ज्या माणसाने मला उभं केलं त्याच्याच पायाखालची सतरंजी ओढायची? दोन दिवस मी हाच विचार केला. जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू सोडून दे ना, तुला काय पडलंय?" ती बाई त्याच्याशी फोनवर बोलली नव्हती, म्हणून त्याला तसं म्हणता आलं.

त्यांच्या पाठीमागून करायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी दरबार उठल्यावर मी तिथेच बसून राहिले आणि काकांना सरळ सांगितलं. नावं बदलायची आहेत, तुमच्या मदतीशिवाय होणार नाही, आणि झाल्यावर मालक काय करेल हे तुम्हालाही माहीत आहे.

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "इंग्रजी तरी बघ. आता त्यांच्यातही नामाचंच क्रियापद करतात. 'मेसेज मी' म्हणतात. डिक्शनरीत आहे."

"असू दे. मेसेज करा म्हणजे लिहा, की पाठवा, की पोचला का ते बघा? तुमचं फंक्शन तिन्ही करतं."

"ते मला माहीत आहे ना."

"तुम्हाला आहे."

मग त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली. ती आम्ही सगळ्यांनी पाच-सहा वेळा ऐकली होती. त्यांचं घराणं संस्थानच्या दरबारी दफ्तरात, पिढ्यान्‌पिढ्या मोडी लिहिणारं. पणजोबा निवृत्त झाले तरी त्यांना बोलावणं यायचं, कारण त्यांच्या हातचे कागद त्यांच्याशिवाय कुणाला उलगडायचे नाहीत. "घोडागाडी यायची घ्यायला," काका म्हणाले. "असा मान होता."

मी एरवी ही गोष्ट 'हो का' म्हणून ऐकायचे. त्या दिवशी विचारलं, "आणि पणजोबा गेल्यावर?"

"गेल्यावर काय? कागद आहेत अजून. माळ्यावर, बासनात."

"त्यात काय लिहिलंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणाला वाचता येतं आता?" म्हणाले. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी शटर वर करत होतं, त्याचा खडखडाट येत राहिला. काकांनी उरलेला गार चहा पिऊन टाकला. "उद्यापासून बसू," म्हणाले. "पण प्रत्येक नावावर मी भांडणार. आधीच सांगून ठेवतो."

आणि भांडले. बापरे, किती भांडले. आता अकरा वाजता पाच जणांऐवजी आम्ही दोघंच बसायचो. काका सांगायचे आणि मी टाइप करायचे. मी दोन नियम केले होते. नावात क्रियापद असलंच पाहिजे, आणि नावात 'आणि' घालावा लागला तर त्या फंक्शनचे दोन तुकडे करायचे. 'लेबल'चे तीन झाले: 'लेबल छाप', 'नमुना आल्याची नोंद कर', 'परत-बोलवा यादीतून काढ'. नावं आम्ही इंग्रजीतच लिहिली, पण आधी मराठीत बोलून बघायचो. मराठीत बोललं की लबाडी उघडी पडायची. "'रिपोर्ट' काय करतं, काका?" "रिपोर्ट करतं." "काका!" "अगं, छापतं. आणि डॉक्टरची सही लावतं." "सही लावतं? डॉक्टरने बघितल्याशिवाय?" "नाही नाही, बघितला असेल तर. तू तर एकदम पोलीसच झाली."

'प्रोसेस' नावाच्या फंक्शनवर आम्ही चार दिवस घालवले. ते सतरा कामं करत होतं. त्यातली दोन कामं कशासाठी होती ते काकांनाही आठवेना. काका खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "हे मी लिहिलं असेल, पण कशासाठी ते गेलं डोक्यातून." मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी हेही वाटलं की बरं झालं, आत्ता बसलो. अजून पाच वर्षांनी किती गेलं असतं? मी ते बोलले नाही. काकांना ते कळत होतंच, कारण दुसऱ्या दिवसापासून ते साडेदहालाच येऊन बसू लागले.

तीन महिने गेले. शेवटची दहा-बारा फंक्शनं राहिली तेव्हा माझा वेग मंदावला. आज डोकं दुखतंय, आज दुसरं काम आहे, आज लाइट गेलेत. खरं कारण मला ठाऊक होतं. एक दिवस काकांनीच माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "का थांबलीस?"

मी खोटं बोलू शकले नाही. "हे संपलं की तुम्हाला घरी पाठवतील, काका. मला नाही होत आता."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तू काय समजतेस, मी बावळट आहे?" मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि चष्मा पुसत म्हणाले, "त्या बाईला फोन गेला नाही तो माझ्या फंक्शनमुळे. तू नुसतं बटण लावलं. हे मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणायला पाहिजे होतं, नाही म्हटलं. चल, उघड. कुठलं राहिलं आहे?"

त्या आठवड्यात आम्ही उरलेलं संपवलं. शेवटचं नाव त्यांनी स्वतः टाइप केलं, दोन बोटांनी, सावकाश.

मालकाने दीड महिना वाट पाहिली. नव्याने लागलेल्या दोघांना काकांना न विचारता कोड कळतो आहे, हे त्याने पाहिलं आणि एका शनिवारी शाल, श्रीफळ आणि मावाबाटीची मिठाई आणली. मी आधी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, काकांना आठवड्यातून दोन दिवस तरी येऊ द्या. तो चकित झाला. "मैडम, आप ही ने तो किया है ये सब." ते खरंच होतं. काकांनी शाल घेतली, सगळ्यांना मावाबाटी वाटली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन कामाला बसले.

मला कुणी विचारतं, पस्तावा होतो का? काकांची आठवण येते, दर रविवारी मीच त्यांना फोन करते. पण पस्तावा नाही. परत तीच वेळ आली तर परत तेच करीन.

त्यांच्यानंतर कोडची जबाबदारी माझ्याकडे आली. मधल्या काळात मीही बरंच लिहिलं. मागच्या महिन्यात एक सहकारी, इंदूरहून आलेला, चांगला अनुभवी माणूस, माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुमचं हे 'शेड्यूल' नक्की काय करतं?" माझंच फंक्शन. घाईत लिहिलेलं, घाईत नाव दिलेलं. मी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि सांगू लागले. आधी हे होतं, मग ते होतं, आणि एक गंमत आहे, ती कुठे लिहिलेली नाही. स्क्रीनकडे मी बघत नव्हते. तो मान डोलावत वहीत लिहून घेत होता. दुसरी एक मुलगी खुर्ची ओढून ऐकायला आली. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. पंचवीस मिनिटं मी बोलत होते आणि आणखी तासभर बोलू शकले असते.

मग त्याच्या वहीकडे माझं लक्ष गेलं. त्याला म्हटलं, वही मिट, आपण नावच बदलू. कीबोर्डवर हात ठेवला तर तो पुढे सरकेना. कुणीतरी विचारायला येतं; उद्यापासून ते येऊ नये म्हणून आपण स्वतःच्या हाताने दार लावून घ्यायचं. नाव बदलायला मला एक मिनिट लागलं. काकांनी दोनशे वेळा काय केलं होतं, ते त्या एका मिनिटात मला कळलं.